तो फाटका आवाज छापील आकड्यांनी निघत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिटार शिकणाऱ्यांसाठी आलेला एक लेख मी नुकताच दोनदा वाचला. १९६४ साली ‘द किंक्स’ या लंडनच्या चौघांच्या बँडने गाजवलेल्या ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा, म्हणजे ज्याला वाजवणारे ‘रिफ’ म्हणतात तो, घरच्या ॲम्प्लिफायरवर हुबेहूब कसा काढावा, हे त्यात सांगितले होते. मराठी वृत्तपत्राने असा विषय हाती घ्यावा याचा मला मनापासून आनंद झाला. मिरजेत गेली पस्तीस वर्षे मी रेडिओ, लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि या एका आवाजावर माझा फार जुना जीव आहे. म्हणूनच त्या लेखातल्या काही गोष्टी दुरुस्त व्हाव्यात असे वाटते. लेखात ‘व्हॉक्स एसी ३०’ या ॲम्पसाठी गेन (आत येणारा जोर किती वाढवायचा तो नॉब) ९, बास (खर्ज) ७, मिड (मधली पट्टी) ७, ट्रेबल (वरची पट्टी) ६ असे आकडे चौकटीत छापले होते, आणि तो आवाज फझ पेडलचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पायाखालच्या पेटीचा, असल्याचे म्हटले होते. पेडलचे विधान चुकीचे आहे, आणि आकडे तर शिकणाऱ्या मुलांना थेट उलट्या दिशेने नेणारे आहेत.

मी हे पत्र लिहायला बसलो त्याचे तात्कालिक कारण असे की, लेख आल्यानंतर चारच दिवसांनी अकरावीत शिकणारा एक मुलगा पंधरा वॉटचा सरावाचा ॲम्प पिशवीत घालून माझ्या दुकानी आला. सोबत गिटार होती आणि शर्टाच्या खिशात आपल्या लेखाचे चौकोनी घडी केलेले कात्रण. सगळे नॉब छापल्याप्रमाणे ठेवले तरी आवाज लगदा होतो, तेव्हा ॲम्पमध्येच काही बिघाड असावा, असे त्याचे म्हणणे होते. मी ॲम्प लावायला सांगितला. त्याने तार छेडली आणि खरोखरच स्वर वेगळे ऐकूच येईनात, नुसती जाड घरघर आली. हात थांबला तरी ती पुढे चालूच राहिली. ॲम्पमध्ये काहीही बिघाड नव्हता. मी तसे सांगितल्यावर त्याने पिशवीतून दाढीचे पाते काढले आणि विचारले, “काका, मग स्पीकरच कापायचा का? त्यांनी कापला होता म्हणे.” त्या मुलाने माझ्यापेक्षा आपल्या छापील शब्दावर अधिक विश्वास ठेवला होता. त्यात त्याची काहीच चूक नाही, पण म्हणूनच छापणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे.

पात्याची गोष्ट मात्र खरी आहे. गाणे रे डेव्हिस यांचे, आणि त्याची मूळ चाल त्यांनी पियानोवर बांधली होती. गिटार वाजवली ती त्यांचे धाकटे भाऊ डेव्ह डेव्हिस यांनी, आणि तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्याकडे एलपिको नावाचा एक लहानसा, हिरव्या रंगाचा, स्वस्तातला ॲम्प होता. त्याचा आवाज फारच गुळगुळीत वाटू लागल्यावर त्यांनी दाढीच्या पात्याने त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा मधून कडेकडे चिरला. पडदा जागच्या जागी राहिला, पण त्याच्या चिरफळ्या झाल्या. हा एलपिको त्यांनी पुढे व्हॉक्स एसी ३० या मोठ्या ॲम्पला जोडला, म्हणजे लहान ॲम्पने आवाज आधी फाडायचा आणि तो फाटका आवाज मोठ्या ॲम्पने उचलून धरायचा. गिटार होती शिकागोच्या हार्मनी कंपनीची मिटिऑर, पोकळ अंगाची आणि बेताच्या जोराच्या पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेत पकडणारा चुंबकी भाग). बँडच्या आधीच्या दोन तबकड्या चालल्या नव्हत्या, त्यामुळे ही तिसरी जवळजवळ अखेरचीच संधी होती. गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण संथ आणि घुमाऱ्याने भरलेले झाले. ते बँडलाच पसंत पडले नाही, आणि जुलै १९६४ मध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत निर्माते शेल टाल्मी यांच्या देखरेखीखाली ते नव्याने मुद्रित झाले. ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. या संपूर्ण साखळीत फझ पेडल कुठेही नाही. तसे पेडल अमेरिकेत १९६२ पासून मिळत होते, आणि ‘रोलिंग स्टोन्स’ने १९६५ साली ते वापरून जो रिफ केला तोही जगप्रसिद्ध आहे, आपल्या लेखकाने बहुधा या दोन आवाजांची गल्लत केली असावी. खराब किंवा मुद्दाम खराब केलेल्या स्पीकरची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे मुद्रित झाले तेव्हा वाटेत खराब झालेल्या ॲम्पच्या स्पीकरमागे कागद कोंबून काम भागवले होते, आणि १९५८ च्या ‘रंबल’ या धूनसाठी गिटारवादक लिंक रे यांनी पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली होती.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते, हे कळल्याशिवाय नॉबला हात लावण्यात अर्थ नाही. ॲम्पच्या आतल्या व्हॉल्वची, म्हणजे आवाजाचा जोर वाढवणाऱ्या काचेच्या नळीची, झेप मर्यादित असते. तिच्यापलीकडचा जोर आला की लहरींचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या शेंड्यांतून मूळ स्वरात नसलेले वरचे अंशस्वर जन्माला येतात. ही झाली विजेच्या वाटेने आलेली फाट, आणि तीच तारेवरून पुढच्या ॲम्पकडे जाते. कागदाची फाट वेगळी. अखंड पडदा एका अंगाने मागेपुढे हलतो. चिरलेल्या पडद्याच्या कडा एकमेकींवर आपटतात, जोराच्या आघाताला झडझडतात आणि हलक्या आघाताला गप्प बसतात. अशा पडद्यातून खर्जही कमी निघतो, कारण हवा ढकलणारी अखंड पाटीच उरलेली नसते. म्हणजे या आवाजाच्या मुळाशीच कमी बास आहे, आणि छापलेला बास होता ७.

मी त्या मुलाला हे तोंडी सांगत बसलो नाही. अडगळीत एका जुन्या रेडिओग्रामचा आठ इंची स्पीकर पडून होता. त्याच्या पडद्याला बोटभर लांबीची चीर गेलेली होती, आणि एरवी मी तिला पातळ कागद आणि फेव्हिकॉल लावून तो केव्हाच विकून टाकला असता. रोध जुळतो हे तपासून तो मी त्याच्या ॲम्पला लावला आणि गेन अगदी खाली घेऊन वाजवायला सांगितले. हळू वाजवले तेव्हा स्वर स्वच्छ होता. जोरात आघात केला तेव्हा प्रत्येक स्वराच्या तोंडाशी कोरा कागद टरकावल्यासारखी खरखर उमटली आणि लगेच विरली. मग मी चिरेवर बोटाचे टोक अलगद टेकवले. खरखर बंद. बोट उचलले, पुन्हा सुरू. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो आहे.

आमच्या मिरजेत हे समजायला अवघड जाऊ नये. इथले सतारमेकर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीवर तारेखाली सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवतात. एका नेमक्या जागी तो आला की तार घोडीच्या सपाट पाठीला निसटती घासत राहते आणि एका स्वरातून अंशस्वरांचे झुंबर उजळते. केसभर अलीकडे-पलीकडे झाला तर एकतर तार मुकी होते, नाहीतर नुसती करकरते. जवारी बोटांनी आणि कानांनी लावली जाते. ‘दोरा इतके मिलिमीटर पुढे ठेवावा’ असे कुणी छापले, तर ते एकाच तंबोऱ्याच्या एकाच तारेपुरते आणि एकाच ऋतूपुरते खरे ठरेल. तंबोऱ्यातले झंकार आणि या रिफमधली खरखर यांची जात वेगळी आहे हे मी जाणतो, पण दोन्हीकडे मूळ स्वर शाबूत ठेवून त्याच्या अंगावर बारीक खर चढवायची असते, आणि दोन्हीकडे प्रमाण ठरवतो तो कान.

आता मिडच्या नॉबविषयी. त्या काळच्या एसी ३० ला मिडचा नॉबच नाही. डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीच्या या ॲम्पला, त्याची ‘टॉप बूस्ट’ नावाची, झळाळी वाढवणारी जादा जोडणी असेल तर, ट्रेबल आणि बास एवढे दोनच नॉब मिळतात, आणि वेगळा एक ‘कट’ नावाचा नॉब असतो. ‘नॉर्मल’ वाहिनीला तर ट्रेबल-बासही नाही. टॉप बूस्टच्या मंडलात ट्रेबल आणि बास एकमेकांशी बांधलेले आहेत. दोन्ही वर नेले की मधल्या पट्टीला खड्डा पडतो, दोन्ही खाली आणले की मधली पट्टी पुढे येते. म्हणजे या ॲम्पवर मिड वाढवायचा असेल तर बाकीचे दोन उतरवायचे. आपल्या चौकटीप्रमाणे बास ७ आणि ट्रेबल ६ ठेवणाऱ्याने, ज्या पट्टीत हा रिफ राहतो, नेमकी तीच पट्टी बुजवून टाकली. ‘कट’चा नॉब तर उलटाच चालतो: वाढवला की झळाळी कमी होते. बाजारात आज मिळणाऱ्या नकलांपैकी आणि मोबाइलवरच्या ॲपपैकी काहींनी सोयीसाठी मिडचा नॉब जोडला आहे. लेखकाने तसे काही वापरले असेल तर तेवढे स्पष्ट लिहायला हवे होते. जाता जाता, ज्या ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व एसी ३० चा शेवटचा जोर पुरवतात, तोच व्हॉल्व एके काळी आपल्याकडच्या रेडिओग्रामांतही असे आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत असे. माझ्या दुकानात अजून तीन शिल्लक आहेत.

मुळात ‘५’ किंवा ‘७’ हा आकडा एखाद्या मापाचा नसतो. नॉबच्या मागे जो पॉट, म्हणजे रोध कमी-जास्त करणारा भाग, असतो तो पुष्कळदा लॉग जातीचा असतो, म्हणजे निम्मा फिरवला तरी त्याचा रोध निम्मा होत नाही, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच असतो. दुसऱ्या कंपनीच्या ॲम्पमध्ये त्याच जागी लिनियर जातीचा, म्हणजे फिरवू त्याच प्रमाणात बदलणारा, पॉट असेल तर तोच ‘५’ कित्येक पट अधिक ठरतो. सगळे नॉब मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला, हा समजही चुकीचा आहे. फेंडर पद्धतीच्या टोन मंडलात तिन्ही नॉब ५ वर असताना मधल्या पट्टीला चांगलाच खड्डा असतो, आणि आवाज सपाटीच्या जवळ आणायचा तर मिड पूर्ण वर व बास-ट्रेबल पार खाली न्यावे लागतात. त्यात भर पडते ती कानाच्या स्वभावाची. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले की, हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही कमी ऐकू येतात. शेजाऱ्यांचा विचार करून रात्री खोलीत लावलेला आवाज म्हणूनच दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात नेला की बासने गुदमरतो. त्यामुळे कुठल्या ॲम्पवर, किती इंची स्पीकरवर आणि किती मोठ्या आवाजात, हे सांगितल्याशिवाय छापलेला आकडा नुसता निरुपयोगीच नव्हे तर फसवा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोठी चूक गेनची आहे. ही चूक एकट्या आपल्या लेखकाची नाही, जगभर होते, आणि तिचे एक कारण असे की हेच गाणे १९७८ साली ‘व्हॅन हेलन’ या अमेरिकन बँडने आपल्या पहिल्या अल्बममध्ये पुन्हा वाजवले. ते ध्वनिमुद्रण आपल्या जागी उत्तमच आहे. पण त्यातला आवाज वेगळ्या गिटारचा, वेगळ्या ॲम्पचा आणि पुष्कळ अधिक गेनचा आहे. ज्यांनी आधी ते ऐकलेले असते त्यांच्या कानात तोच बसतो, आणि १९६४ चे ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकले की आश्चर्य वाटते की मूळ आवाज किती पातळ, कोरडा आणि उघडा आहे. त्यात प्रत्येक आघाताचे तोंड ऐकू येते. गेन ९ वर ते तोंडच नाहीसे होते, कारण सगळ्याच लहरी कापल्या गेल्यावर हळू आणि जोरात यांत फरक उरत नाही.

आघात महत्त्वाचा का, हे रिफच्या बांधणीवरून कळते. त्यात दोनच जागा आहेत, इंग्रजी स्वरलेखनात एफ आणि जी. जी ला षड्ज मानले तर ही हालचाल कोमल निषादाकडून षड्जाकडे जाणारी आहे: नि सा, सा नि सा. पाच आघात, मग क्षणभर पोकळी, आणि पुन्हा तेच. प्रत्येक स्वरासोबत त्याचा पंचम आहे, पण आवाजाचा भर गांधारावर नाही, आणि फाटलेल्या आवाजात हेच निभावून जाते. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे दोन्ही स्वर एकत्र फाटले की त्यांतून निघणारा फरकाचा स्वर षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो आणि षड्जालाच बळ देतो. तंबोऱ्याच्या सा-प जोडीत जो भरीवपणा वाटतो त्याच्याशी याचे नाते आहे. गिटारच्या समान अंतराच्या स्वरमांडणीत शुद्ध गांधार जरा चढाच असतो. तो जोरात मिसळला की त्याचे उपस्वर कशाशीच जुळत नाहीत आणि लगदा होतो. त्या मुलाच्या आवाजाचा जो लगदा होत होता त्यातला निम्मा दोष त्याच्या बोटांखाली सहाही तारांवर वाजणाऱ्या गांधारासह पूर्ण कॉर्डचा होता. खालच्या तीन तारांपुरता हात ठेवल्याबरोबर अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे आम्ही दोघांनी मिळून त्याच्या अखंड स्पीकरवर केले. त्याच्या ॲम्पवर जे निघाले ते सांगतो, पण इतरांनी ते जिथून सुरुवात करायची ती जागा म्हणून घ्यावे. घोडीजवळचा पिकअप घेतला आणि गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला, कारण त्याच्या गिटारचे पिकअप मूळ मिटिऑरच्या पिकअपपेक्षा बरेच जोरकस होते. गेन नऊवरून चारवर घेतला. बास तीनवर. ट्रेबल सहावर. त्याच्या ॲम्पला मिडचा नॉब होता, तो आठवर नेला. ॲम्पमधला घुमारा पूर्ण बंद केला. मूळ बँडने घुमाऱ्याने भरलेले पहिले ध्वनिमुद्रण नाकारले होते, हे मी त्याला तेव्हाच सांगितले. व्हॉल्यूम मात्र चांगला वर ठेवला, कारण स्पीकरच्या पडद्याला थोडे श्रम पडल्याशिवाय त्याचा स्वभाव बाहेर येत नाही. बास ॲम्पमध्ये शिरण्याआधीच कमी असलेला चांगला: जाड खर्ज आत गेला की तो आधी फाटतो आणि आपल्यासोबत वरच्या स्वरांनाही फाडतो. ज्यांच्याकडे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज हलका फाडणारे) आहे त्यांनी त्याला एलपिकोची जागा द्यावी, म्हणजे पेडलची ड्राइव्ह (फाट) अगदी थोडी, लेव्हल (बाहेर पडणारा जोर) भरपूर, आणि पुढचा ॲम्प स्वच्छ पण काठावर आणून ठेवलेला. हेडफोनवर वाजवणाऱ्यांनी स्पीकर-कॅबिनेटची नक्कल चालू ठेवावी, कारण गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही आणि ती चाळणी काढून टाकली की डासाच्या गुणगुणीसारखा आवाज येतो.

कसोटी एकच आहे, आणि ती आकड्यांत नाही. पिकने हलकेच छेडले तर स्वर जवळजवळ स्वच्छ आला पाहिजे, आणि मनगट सैल सोडून जोरात मारले तर तो फाटला पाहिजे. दोन्ही वेळा फाटत असेल तर गेन उतरवा, दोन्ही वेळा स्वच्छ असेल तर थोडा चढवा. हे साधले की रिफ जिथे वरच्या पट्टीत जातो तिथेही वाजवून पाहावा, कारण या गाण्यात षड्ज आधी जी वरून ए वर आणि मग डी वर सरकतो, आणि खालच्या जी वर भरदार वाटणारा आवाज वरच्या डी वर किरटा निघू शकतो. आम्हाला त्यासाठी ट्रेबल सहावरून पाचवर आणावा लागला. पाच आघातांनंतरची पोकळी तर कुठल्याच नॉबने मिळत नाही. डाव्या हाताची बोटे तारेवरून न उचलता फक्त दाब सोडावा लागतो आणि उजव्या हाताचा तळवा घोडीजवळ टेकवावा लागतो. मुलाला ही एक गोष्ट जमायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात माझ्या बाकावरचे एक मिक्सर दुरुस्तीचे काम तसेच राहिले, पण त्याचे मला काही वाटले नाही. टाल्मी यांनी गिटार दोन वाहिन्यांवर घेऊन त्यांतली एक अधिक फाडली होती असे त्यांनीच पुढे सांगितले आहे, तेव्हा तबकडीवरची जाडी एका खोलीतल्या एका ॲम्पकडून पूर्णपणे मिळणार नाही, हेही आपल्या वाचकांना कळलेले बरे.

पात्याविषयी मात्र मी कळकळीने लिहितो. सरावाच्या ॲम्पचा स्पीकर कापू नये. पडदा चिरताना पाते मध्यभागी व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या वेटोळ्याच्या) बारीक जोडतारांना लागले की स्पीकर तुटतो, आणि तो जोडलेला ॲम्प व्हॉल्वचा असेल तर स्पीकरचा भार नाहीसा झाल्यावर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याची किंमत स्पीकरच्या कितीतरी पट असते. डेव्ह डेव्हिस यांचे पाहून एका ॲम्पचे स्पीकर टर्मिनल दुसऱ्या ॲम्पच्या इनपुटमध्ये थेट खुपसणे हे त्याहून वाईट. आजच्या अनेक लहान ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये स्पीकरची दोन्ही टोके चालू असतात, त्यांतले एक दुसऱ्या ॲम्पच्या अर्थिंगला लागले की आतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, तत्क्षणी जातो. जुन्या व्हॉल्व ॲम्पच्या आत तीनशे व्होल्टांच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो, तेव्हा ज्याला तो उतरवता येत नाही त्याने मागची फळी उघडूच नये. परदेशातून आणलेला ११० किंवा १२० व्होल्टांचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टांवर थेट लावून जाळलेला मी दरवर्षी एखादा तरी पाहतो. कागदाची ती खरखर कुणाला खरोखर हवीच असेल, तर दुरुस्तीवाल्याकडून आधीच फाटलेला जुना स्पीकर मागून घ्यावा, रोध त्याच्याकडूनच जुळवून घ्यावा आणि वेगळ्या खोक्यात बसवून वापरावा. गावोगावी असे स्पीकर पोत्यात पडलेले असतात.

आपल्याला विनंती अशी की, अशी सदरे चालू ठेवावीत आणि त्यांत आकडे द्यायचे असतील तर सोबत ॲम्पचे नाव, स्पीकरचा व्यास, गिटारचा पिकअप आणि आवाजाची पातळी एवढे तरी छापावे. आणि पुढच्या रविवारी एवढी एक दुरुस्ती अवश्य द्यावी की, १९६४ च्या एसी ३० ला मिडचा नॉब नव्हता. कारण त्या मुलाने मला सांगितले की त्याच्या वर्गातले आणखी दोघे एका जुन्या ॲम्पवर तो नॉब शोधत आहेत, आणि तो मिळावा म्हणून मागची फळी उघडायचे त्यांनी ठरवले आहे.

आपला,
एक वाचक, मिरज